जरा शांत बघून लाव

"तिच्या आवडीची गाणी लावू या. फक्त जरा शांत बघून लाव," ताई फोनवर म्हणाली. मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की या दोन गोष्टी एकदम जमणाऱ्या नाहीत. माझ्या भाचीला शांत गाणी आवडायची नाहीत. तिला आवडायचं ते कोरियन पॉप. सव्वातीन मिनिटांत तीन-चार वेळा चाल बदलणारं, मधेच कुणीतरी भराभर रॅप म्हणून जाणारं, शेवटच्या कोरसला सूर आणखी एक पट्टी वर नेणारं.

ती १९ वर्षांची होती. कशाने गेली, शेवटचे दिवस कसे गेले, हे मी इथे लिहिणार नाही. ते ताई-दाजींचं आहे. मला लिहायचंय ते त्यानंतर माझ्या वाट्याला आलेल्या कामाबद्दल. तिच्या आठवणीसाठी घरचे आणि तिच्या मैत्रिणी एक संध्याकाळ जमणार होते, आणि त्या तासाभरासाठी गाण्यांची यादी करायची होती. हे काम माझ्याकडे आलं, कारण घरात कॉम्प्युटरचं काही अडलं की मावशीला विचारायचं असा रिवाज आहे. शिवाय ते दुसऱ्या कुणालाच करवणार नव्हतं.

बातमी पसरल्यावर सुचवण्या यायला लागल्या. कुणी विरहाचं गाणं पाठवलं, कुणी पक्षी उडून जाण्याचं. एका नातेवाइकांनी ठामपणे सांगितलं की तिला अमुक एक गाणं फार आवडायचं. आवडत असेलही, ती सहा वर्षांची असताना. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण ती सगळी गाणी एकत्र ठेवून बघितली तर त्यातून जी मुलगी दिसत होती ती आमच्या घरात कधी राहिलीच नव्हती. हळवी, संध्याकाळी खिडकीशी बसणारी, जुन्या चाली गुणगुणणारी. माणूस गेलं की त्याच्या आवडीनिवडी घरचे ताब्यात घेतात आणि त्यांना इस्त्री करतात. मला ते नको होतं. यादी तिच्या ऐकण्यातून काढायची, आमच्या दुःखातून नाही, एवढं मी ठरवलं आणि ताईला तसं सांगितलं. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "बघ तुला काय जमतंय ते."

तिच्या फोनचा पासकोड धाकट्याला, म्हणजे तिच्या भावाला, माहीत होता. बहिणीचा पासकोड भावाला का माहीत होता हा वेगळा विषय आहे आणि त्यावरून त्या दोघांची भांडणंही झालेली होती. आता त्याचाच उपयोग झाला. तिने स्वतः मागे काही सोय करून ठेवली असण्याचा प्रश्नच नव्हता. अॅपलने आयफोनच्या आयओएस १५.२ या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२१पासून, आपल्या पश्चात खातं कुणी उघडायचं ते नेमून ठेवायची सोय दिली आहे. गूगलकडे तशी सोय २०१३पासून आहे. पण एकोणिसाव्या वर्षी कोण असलं काही भरून ठेवतं? आणि यातली मला बोचलेली गोष्ट म्हणजे, अॅपलवर वारस नेमलेला असला तरी त्याला फोटो मिळतात, नोंदी मिळतात, निरोप मिळतात, विकत घेतलेलं संगीत मात्र मिळत नाही. ते फक्त विकत घेणाऱ्याच्या नावाचं, त्याच्याबरोबर संपणारं. गूगलचं आणखी एक आहे. दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर ते खातं पुसण्याचा नियम त्यांनी डिसेंबर २०२३पासून अमलात आणला आहे. म्हणून ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना मी सांगेन, निदान ईमेल चालू ठेवा. बाकी सगळ्याची किल्ली तिथेच असते.

फोन हातात आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्यावर एकही गाणं लावलं नाही. हे ऐकायला विचित्र वाटेल. पण तिच्या खात्यातून आम्ही काहीही वाजवलं की ते तिच्या ऐकण्याच्या इतिहासात जाऊन बसणार होतं. तिचं ऐकणं आणि आमचं तिला शोधणं एकमेकांत मिसळू नये, एवढीच काळजी. लावायचंच झालं तर अॅपमध्ये प्रायव्हेट सेशन नावाची सोय असते ती आधी चालू करा, म्हणजे नोंद झाली तरी ती वेगळी ओळखता येते, असं धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, मी एकदा लावलंय. तेव्हा मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, असू दे.

तिने बदाम दाबून ठेवलेल्या गाण्यांची यादी अफाट लांब होती. तिचा फारसा उपयोग नव्हता. बदाम फुकट असतो, चालता चालता दाबला जातो. तिने स्वतः केलेल्या याद्याही होत्या, त्यांची नावं इमोजींची, त्यामुळे त्यात काय हे आत शिरल्याशिवाय कळायला मार्ग नाही. एका यादीला नाव म्हणून फक्त एक वांग्याचं चित्र. त्यात अभ्यासाची गाणी निघाली. का, ते कुणालाच सांगता आलं नाही.

मग मी तिचा सगळा विदा, म्हणजे गाण्यांच्या कंपनीकडे साठलेली तिची माहिती, मागवला. ही गोष्ट फार लोकांना माहीत नसते. युरोपचा माहिती-संरक्षण कायदा मे २०१८मध्ये लागू झाला तेव्हापासून मोठ्या कंपन्यांना ग्राहकाची माहिती मागितल्यावर द्यावी लागते, आणि बऱ्याच कंपन्या ती सोय जगभर सगळ्यांनाच देतात. गाणी ऐकायला ती स्पॉटिफाय हे अॅप वापरायची. तिथे खात्याच्या प्रायव्हसी पानावर दोन पर्याय असतात. एक साधा, त्यात वर्षभराचा इतिहास मिळतो आणि तो काही दिवसांत येतो. दुसरा विस्तारित, त्यात खातं उघडल्यापासूनचं सगळं असतं आणि त्याला महिनाभर लागू शकतो. मागायचा तो दुसरा. आधी ताई-दाजींना विचारलं. दाजी म्हणाले, "त्यात खासगी काही असेल का?" मी म्हटलं, गाणी आणि वेळा. ते म्हणाले, "वेळा बघितल्यास तर मला सांगू नकोस, किती वाजेपर्यंत जागायची ते." मी सांगितलं नाही. इथेही सांगत नाही.

आलेल्या फाइली जेसन नावाच्या प्रकारच्या असतात. साध्या नोटपॅडमध्ये उघडतात, पण डोळे फिरतात. एकेक गाणं वाजल्याची एकेक नोंद. कधी वाजलं, कुठल्या यंत्रावर, गाण्याचं नाव, गाणाऱ्यांचं नाव, किती मिलिसेकंद वाजलं, कशामुळे सुरू झालं आणि कशामुळे थांबलं. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यामुळे आपल्या घड्याळाला जुळवायला गणित करावं लागतं. मी सगळं एक्सेलमध्ये ओढलं आणि सगळ्यात जास्त वेळा काय वाजलं ते वर येईल असं लावलं.

वर जे गाणं आलं ते दुसऱ्या क्रमांकाच्या कितीतरी पुढे होतं. झालं तर मग, मिळालं, असं वाटावं इतकं पुढे. त्याच्याखाली काही भलतीच गाणी, दुसऱ्याच गटांची, पण तितक्याच नेमाने वाजलेली. मी ती यादी तिच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला पाठवली. तिचा लगेच फोन आला, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा मी कुणालातरी हसताना ऐकलं.

"मावशी, हे तर स्ट्रीमिंगचं आहे!"

तिने समजावलं ते असं. त्यांच्या आवडत्या गटाचं नवं गाणं आलं, की त्याला कमबॅक म्हणतात. कुठेही गेलेले नसले तरी कमबॅकच. त्या आठवड्यात गाणं चार्टवर, म्हणजे सगळ्यात जास्त ऐकलेल्या गाण्यांच्या यादीत, चढवण्यासाठी जगभरचे चाहते ते रात्रंदिवस वाजवत ठेवतात. अभ्यास करताना, झोपताना, शाळा-कॉलेजात फोन दप्तरात असताना. आवाज पूर्ण बंद करायचा नाही, तसं वाजवलेलं धरत नाहीत असं त्यांच्यात मानतात, म्हणून अगदी बारीक ठेवायचा. सलग तेच तेच वाजवलं तर यंत्र वाजवतंय असा संशय येतो, म्हणून मधेमधे दुसरी गाणी घालायची. त्यांना फिलर म्हणायचं. स्पॉटिफाय ३० सेकंदांपुढे वाजलेलं गाणं मोजतं, पण खरे चाहते अर्धवट सोडत नाहीत.

"म्हणजे हे तिचं आवडतं नव्हतं?"

"आवडायचं ना. पण ते काम होतं. ड्यूटी."

म्हणजे ज्या आकड्यांच्या भरवशावर मी नातेवाइकांशी वाद घालणार होते त्यांच्यात अर्धी सेवा होती आणि आवड वेगळीच कुठेतरी. आणि ही सेवासुद्धा तिचीच, तीही सोडून चालणार नव्हतं. ते गाणं यादीत ठेवायचं हे तिथेच ठरलं. फिलर काढून टाकले. एक फिलर धाकट्याच्या आवडीचं निघालं, ते त्याने आपलं म्हणून घेतलं.

मग मी दुसऱ्या रकान्याकडे वळले, गाणं कशामुळे थांबलं याच्या. पूर्ण वाजून संपलं तर 'ट्रॅकडन' असं लिहिलेलं असतं. पुढचं बटण दाबलं तर 'एफडब्ल्यूडीबीटीएन'. आणि कधीकधी 'बॅकबीटीएन'. मागचं बटण. गाणं चालू असताना मागचं बटण दाबलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. कमबॅकचं काम करताना हे बटण कुणी दाबत नाही, तिथे यादी आपोआप फिरत असते. हे बटण हाताने, मुद्दाम, त्या क्षणी वाटलं म्हणूनच दाबलं जातं. मी फक्त त्या नोंदी वेगळ्या केल्या.

यादी एकदम बदलली. आधी वर असलेली बरीच गाणी गेली. चार्टवर कधीच न गेलेली, अल्बमच्या मधल्या नाहीतर शेवटच्या भागातली गाणी वर आली. या गाण्यांना हे चाहते बी-साइड म्हणतात. हा शब्द ग्रामोफोनच्या तबकडीच्या मागच्या बाजूवरून आलेला, जी तबकडी यांच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलीही नसते. त्यातल्या एका गाण्यावर मी अडकले. ते कितीदा तरी मागे नेलेलं होतं, आणि दर वेळी वाजलेला वेळ जवळजवळ सारखा. १,६१,००० मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे २ मिनिटं ४१ सेकंद. गाणं त्याहून बरंच मोठं आहे.

मी ते माझ्या फोनवर लावलं आणि घड्याळ बघत बसले. दोन एकेचाळीसला शेवटचा कोरस संपतो. त्यानंतर वाद्यं खाली येतात आणि गटातला एकजण इंग्रजीत, कुजबुजल्यासारखं, काहीतरी प्रेमाचं बोलतो. जवळजवळ अर्धा मिनिट. मला ते बरं वाटलं. किंबहुना मला वाटलं की तिला तिथे रडू येत असेल, म्हणून ती मागे जात असेल. मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, "छे! तो बोलण्याचा भाग तिला सहन व्हायचा नाही. ती म्हणायची, एवढं चांगलं गाणं केलं आणि शेवटी असलं चीझी काहीतरी लावून ठेवलं."

इतकं पुरे होतं मला. त्या एका आकड्यात ती जशी होती तशी होती, नाक मुरडणारी, बटण दाबणारी. आम्ही कुणी तिच्याबद्दल बोलायला लागलो की दोन वाक्यांत ती गुणी होऊन जायची. हा रकाना तिला तसं होऊ देत नव्हता.

फाइलीच्या अगदी शेवटी, ती गेल्यानंतरच्या तारखेची एक नोंद होती. धाकट्याने लावलेलं ते गाणं. पूर्ण वाजलेलं, ट्रॅकडन. मी ती नोंद काढली नाही, आणि त्याला दाखवलीही नाही.

आकड्यांच्या बाहेर आणखी काय काय होतं ते ताईने एका दुपारी काढून दिलं. त्या गटाचे अल्बम, जाड पेट्यांसारखे. आत सीडी, फोटोंचं पुस्तक, आणि एक फोटोकार्ड. अल्बममध्ये कुणाचं कार्ड निघेल हे नशिबावर असतं, म्हणून पोरं आपसांत अदलाबदल करतात. गटातला जो आपला सगळ्यात आवडता त्याला बायस म्हणायचं. तिच्या बायसचं कार्ड फोनच्या पारदर्शक कव्हरमध्ये मागे होतंच. गंमत म्हणजे घरात सीडी वाजवायला यंत्रच नव्हतं. त्या सीड्या तिने कधी ऐकल्याच नव्हत्या. एकीचं तर आतलं वेष्टनही तसंच.

मला मात्र त्या सीड्या बघून बरं वाटलं. स्ट्रीमिंग अॅपमधलं डाउनलोड हे आपलं नसतं. ती कुलूपबंद फाइल असते, अॅपबाहेर वाजत नाही, आणि स्पॉटिफायवर महिन्यातून निदान एकदा इंटरनेटला जोडलं नाही तर तीही जाते. शिवाय करार संपला की गाणं यादीतून करडं होतं. कोरियन पॉपच्या चाहत्यांना हे अनुभवाने माहीत आहे. मार्च २०२१च्या पहिल्या तारखेला काकाओ एम या कोरियन वितरकाशी करार न झाल्यामुळे शेकडो गाणी स्पॉटिफायवरून जगभर एकदम नाहीशी झाली होती, आणि दहा-अकरा दिवसांनी परत आली. परत आली म्हणून बरं. सीडी मात्र १९८२ साली बाजारात आली तेव्हा जशी होती तशीच आहे, आवाजाचं माप तेच, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, आणि कुलूप नाही. मी बाहेरून जोडायचा एक ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणला आणि सगळ्या सीड्या फ्लॅक या प्रकारात उतरवून घेतल्या. फ्लॅकमध्ये फाइल लहान होते पण आवाजातलं काही जात नाही. एमपीथ्रीमध्ये जातं. मला स्वतःला दोन्हींतला फरक कानाला कळत नाही हे कबूल, पण जे एकदाच करायचं ते पुरतं करावं. न फोडलेली सीडी फोडायची का यावर थोडा विचार केला. फोडली.

पेटीच्या तळाशी एक दोनशे पानी वही होती. त्यात गाणी लिहिलेली. सुरुवातीची पानं देवनागरीत. म्हणजे कोरियन शब्द कानाला जसे ऐकू येतात तसे मराठी अक्षरांत उतरवलेले, खाली पेन्सिलीने अर्थ. कोरियनमध्ये क, प, त यांसारखी काही व्यंजनं तीन तऱ्हेची असतात, साधं, श्वास सोडून म्हणायचं आणि घसा आवळून म्हणायचं. पहिल्या दोन आपल्याकडे कशाबशा बसतात, तिसरीला आपल्याकडे अक्षर नाही. तिने त्यासाठी स्वतःची खूण केली होती, अक्षराखाली छोटी दुहेरी रेघ. 'क'खाली दुहेरी रेघ, 'प'खाली दुहेरी रेघ. ती बरोबर आहे का बघायला मी गाणं लावून पान पुढे धरलं. जिथे जिथे रेघा होत्या तिथे खरंच घसा आवळलेला ऐकू येत होता. वहीच्या मध्यावर कोरियन अक्षरं यायला लागतात, आधी चाचपडत, मोठी मोठी. ही लिपी राजा सेजोंगच्या काळात पंधराव्या शतकात मुद्दाम बनवली गेली, ती सामान्य माणसाला चटकन शिकता यावी म्हणून. शेवटच्या पानांवर देवनागरी उरतच नाही. तिला कोरियन लिहिता येत होतं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ताईला तर नाहीच. "कधी शिकली?" एवढंच ती विचारत राहिली. तारखा नव्हत्या वहीत. मी गाण्यांची वर्षं शोधून अंदाजाने सांगितलं, दहावीच्या सुमारास. "दहावीत!" ताई म्हणाली, आणि क्षणभर तिच्या आवाजात जुना राग आला, अभ्यास सोडून हे करत होती म्हणून. मला तो राग ऐकून हायसं वाटलं.

काही ओळींच्या शेजारी लाल शाईने नावं लिहिलेली होती. मला वाटलं, त्या ओळी कोण गातो ते लिहिलं असेल. तर नाही. ते फॅनचँट. प्रत्यक्ष कार्यक्रमात गाणं चालू असताना प्रेक्षकांनी कुठे काय ओरडायचं हे ठरलेलं असतं. सुरुवातीला गटातल्या सगळ्यांची नावं ओळीने, मग अमुक ओळीचा शेवटचा शब्द, मग गटाचं नाव. ते ती पाठ करत होती. ती कधी अशा कार्यक्रमाला गेली नव्हती.

तिच्या आवाजातले तुकडेही मिळाले. मैत्रिणींना पाठवलेले व्हॉइस मेसेज, त्यात गुणगुणलेली गाणी, बरीचशी मधेच हसून सोडलेली. व्हॉट्सअॅपचे व्हॉइस मेसेज ओपस नावाच्या प्रकारात असतात. त्या मूळ फाइली तशाच ठेवायच्या, वेगळ्या प्रकारात प्रत हवी तर काढायची, पण मूळ टाकायची नाही. एकाने मला आवाज 'साफ' करून देतो म्हणून सांगितलं, मागची पंख्याची घरघर काढून. मी नको म्हटलं. त्या प्रोग्रॅमला पंखा कुठला आणि श्वास कुठला ते कळत नाही. हे तुकडे त्या संध्याकाळी लावायचे नाहीत हे ताईने सांगितलं, आणि त्यावर मी एक अक्षरही बोलले नाही.

बाकी यादीवर मात्र बोलले. ताईला अजूनही ढणढणाट नको होता. मोठी माणसं येणार, त्यांना काय वाटेल. मी तिला बॅक बटणाची गोष्ट सांगितली, दोन एकेचाळीसची सांगितली. तिला पटलं असं नाही म्हणणार, पण तिने हो म्हटलं. आलेल्या सगळ्या सुचवण्यांची मी वेगळी यादी केली, तिला नाव दिलं 'आमची गाणी', आणि ती ज्यांनी ज्यांनी सुचवलं त्यांना पाठवून दिली. ज्याला ज्या गाण्यात ती आठवते त्याने ते जरूर ऐकावं. पण ते तिच्या नावावर खपवू नये.

मानसशास्त्रात असं म्हणतात की माणसाला आयुष्यभर सगळ्यात घट्ट लक्षात राहतात त्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांतल्या गोष्टी, आणि गाणीही त्याच काळातली. माझं तसं आहे, ताईचं तसं आहे. आम्ही दोघी अजून आमच्या कॉलेजातल्या गाण्यांवर जगतो. तिचा तो काळ निम्माही झाला नव्हता. आवड पक्की व्हायच्या आतली ही यादी आहे हे मला सारखं जाणवत होतं. कदाचित तिशीत ती हीच गाणी ऐकून लाजली असती.

संध्याकाळी गाणी लावली ती सीडीवरून उतरवलेल्या फाइलींवरून, इंटरनेट बंद करून. याचं कारण साधं आहे. अॅपवर यादी संपली की ते स्वतःच्या मनाने पुढचं काहीतरी लावतं, आणि ते मला त्या खोलीत नको होतं. जे गाणं ती मागे न्यायची ते ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये घेऊन दोन एकेचाळीसला कापलं आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून जोडलं. दोनदा वाजलं, कुजबुज न येता. मैत्रिणींच्या लगेच लक्षात आलं. एकमेकींकडे बघून त्या खुदकन हसल्या, आणि मोठ्या माणसांपैकी काहींनी वळून पाहिलं. पाहू दे.

कमबॅकचं गाणं सुरू झालं तेव्हा सुरुवातीच्या वाद्यांवर त्या मुलींनी नावं म्हणायला सुरुवात केली. आधी एकीनेच, मग सगळ्यांनी. ओरडल्या नाहीत, पण दबक्या आवाजातही नाही. मला वाटत होतं दाजी उठून आत जातील. ते पुढे सरकले आणि शेजारच्या मुलीला विचारायला लागले, आत्ता कोण गातोय, आता कोण, आणि हिला आवडायचा तो कुठला. गटात प्रत्येकाच्या वाट्याला किती ओळी येतात यावर चाहत्यांचं फार बारीक लक्ष असतं, आणि तिच्या बायसच्या वाट्याला नेहमीच कमी येतात. त्या मुलीने बोट वर करून खूण केली, "हा, हा बघा काका, आत्ता." आणि तेवढ्यात ते संपलंही.

"एवढंच?" दाजी म्हणाले.

"हो ना काका. ती पण सारखी हेच म्हणायची."

"पण का? आवाज तर चांगला आहे त्याचा."

त्यावर तीन-चार जणी एकदम बोलायला लागल्या. कंपनी त्याला पुढे करत नाही, याआधीच्या अल्बममध्ये तर त्याहून कमी होतं, अमुक गाण्यात मात्र मधला पूर्ण भाग त्याचा आहे. दाजींनी ते अमुक गाणं लावायला सांगितलं. ते माझ्या यादीत नव्हतं, बॅक बटणाच्या हिशोबात ते वर आलंच नव्हतं. इंटरनेट चालू करून लावलं. पुढचा बराच वेळ माझी यादी बाजूलाच राहिली, पोरी सांगतील ते लागत गेलं आणि दाजी हिशोब विचारत राहिले. ताई मधेच चहाचं बघायला उठली, परत येऊन बसली. ती काही बोलली नाही. गाणी बंद करा असंही म्हणाली नाही.

त्यानंतर मी सगळं नीट लावून ठेवलं. फाइली दोन वेगळ्या ठिकाणी, एक ताईकडे, एक माझ्याकडे. वहीचं पान न् पान स्कॅन केलं, लाल शाई नीट दिसेल असं. तिच्या याद्या तिच्या खात्यातून धाकट्याच्या खात्यात उतरवून घेतल्या, इमोजींच्या नावांसकट. तिचं सशुल्क सदस्यत्व थांबवलं, खातं ठेवलं. त्यात आता कुणी काही वाजवत नाही.

मग त्या गटाचा नवा अल्बम आला. हे मी धरलंच नव्हतं. तिची यादी मी मनात बंद करून टाकली होती, पण ते लोक गातच होते. धाकट्याने विचारलं, "तिच्या यादीत घालू?" मी म्हटलं नाही. तिने ऐकलेलं नाही ते तिच्या यादीत कसं जाईल? मग आपण पुन्हा तिथेच येऊ, तिच्या नावावर आपली आवड. त्याला ते पटलं, आणि त्याने स्वतःची वेगळी यादी सुरू केली. गाणं आवडलं का विचारलं तर म्हणाला, "ठीक आहे. तिने चाळीस सेकंदांत पुढे ढकललं असतं." मी ऐकलंय ते गाणं. त्यात तिच्या बायसला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त ओळी आहेत. मी म्हटलं, पूर्ण ऐकलं असतं. तो म्हणतो, ओळी जास्त आहेत पण चाल भिकार आहे, आणि तिला चाल महत्त्वाची होती. आमचं अजून यावर एकमत झालेलं नाही.